जिल्हा परिषदेची शाळा चालते कशी? सिंधुदुर्गातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मे-जूनमध्ये दाखल्यांची धावपळ सुरू झाली की तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. उत्तरं बहुतेकांना अर्धीमुर्धी माहीत असतात, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या माहितीवरच वाडीवर भांडणं होतात. म्हणून ती इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं सिंधुदुर्गातली आहेत. कायदे आणि शासन निर्णय मात्र सगळ्या महाराष्ट्राला लागू आहेत.

ही शाळा नेमकी कोणाची? सरकारची, जिल्हा परिषदेची की ग्रामपंचायतीची?

शाळा जिल्हा परिषदेची. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण भागातलं प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आलं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, आता इथल्या शाळांचा कारभार ओरोसहून, म्हणजे सिंधुदुर्गनगरीहून चालतो.

पण मालकी एकाची आणि पैसा दुसऱ्याचा, असा हा संसार आहे. शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. पुस्तकं बालभारतीची. ‘समग्र शिक्षा’ या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेचा निधी केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, कुंपण अशा कामांना ग्रामपंचायत हात लावू शकते. म्हणूनच गळक्या कौलांची तक्रार घेऊन गेलात की पहिलं वाक्य हमखास ऐकू येतं, “हे आमच्याकडे येत नाही.” ते सांगणारा प्रत्येक वेळी खोटं बोलत असतो असं नाही.

निर्णय घेतो कोण?

दोन साखळ्या आहेत. एक लोकांनी निवडून दिलेली: जिल्हा परिषद सदस्य आणि त्यांच्यातून बनलेली शिक्षण समिती, तिचे सभापती, तालुक्याला पंचायत समिती. दुसरी अधिकाऱ्यांची: मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्या हाताखाली शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, मग केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांचा गट बघणारे) आणि शेवटी मुख्याध्यापक. पहिली साखळी कुठे खर्च करायचा ते ठरवते, दुसरी तो करते; निदान कायद्याची कल्पना तशी आहे.

मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. सभागृहात कोणी उभं राहून “आमच्या शाळेला मास्तर कधी देणार?” असं विचारायचं, ते त्या काळात बंदच झालं. सदस्यांवर आपण एरवी कितीही तोंडसुख घेतलं, तरी त्यांच्या त्या प्रश्नाला शिक्षणाधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागायचं.

आणखी एक गंमत. आपला महसूल विभाग कोकण, त्याचं कार्यालय बेलापूरला. शिक्षण उपसंचालक बसतात कोल्हापूरला. दहावी-बारावीचं विभागीय मंडळ रत्नागिरीला. कुठलं काम कुठे हे ठाऊक नसेल तर घाट उगाच चढावा लागतो.

दहावीच्या निकालात आपण नेहमी पुढे असतो. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळा उत्तमच ना?

निकाल चांगला लागतो यात वाद नाही. कोकण विभाग २०२४ मध्ये ९९.०१ टक्क्यांवर होता, तेव्हा राज्याचा निकाल ९५.८१ होता. २०२५ मध्ये कोकण ९८.८२, राज्य ९४.१०. पेपरात दरवर्षी तोच मथळा येतो आणि तो वाचून छातीही फुगते.

पण त्या आकड्याचा जिल्हा परिषदेच्या शाळेशी संबंध किती, ते बघा. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा चौथीला, नाहीतर सातवीला संपते. फार तर आठवीला. दहावीला बसणारी मुलं शिकतात ती मुख्यतः खाजगी संस्थांच्या अनुदानित हायस्कुलांत. त्या संस्था वेगळ्या, त्यांचे शिक्षक वेगळे, त्यांच्यावर लक्ष ठेवणारे शिक्षणाधिकारीही वेगळे (माध्यमिक). शिवाय कोकण विभाग म्हणजे फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. पुण्या-मुंबईच्या अवाढव्य विभागांशी या दोन जिल्ह्यांची तुलना करताना जरा बेतानंच केलेली बरी. उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून मुलं पास झाली एवढंच कळतं. चौथीतल्या मुलाला भागाकार येतो का, ते कळत नाही.

प्राथमिक शाळांनी पाया घातला म्हणूनच हायस्कूलचा निकाल लागतो, असं शिक्षक म्हणतात. ते खरंही आहे. पण त्या पायाची पाहणी स्वतंत्रपणे करायला हवी, दहावीच्या निकालाआड ती झाकून जाते.

मग ही पाहणी होते कुठे?

होते, चार ठिकाणी, आणि चारही वेगळ्या गोष्टी मोजतात.

पहिली यूडायस, म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो आणि पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, वीज यांची माहिती दरवर्षी भरली जाते. ही माहिती शाळाच भरते, हे लक्षात ठेवून वाचायची. दुसरा जिल्ह्यांचा कामगिरी निर्देशांक. केंद्र सरकार ६०० गुणांपैकी प्रत्येक जिल्ह्याला गुण देतं आणि ‘उत्कर्ष’, ‘उत्तम’, ‘प्रचेष्टा’ अशा श्रेणी लावतं. त्यातले बरेच गुण सोयीसुविधा आणि कारभाराला जातात, मुलांना किती येतं याला सगळे नाहीत. तिसरं परख, म्हणजे मुलांना किती येतं हे तपासणारं केंद्राचं सर्वेक्षण: डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं झालं. त्याआधीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नोव्हेंबर २०२१ मध्ये तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचं होतं. वर्गच बदलल्यामुळे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढले’ किंवा ‘घसरले’ म्हणता येत नाही. तरी म्हणतातच.

चौथी असर, ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची पाहणी. यात माणसं घरी येऊन मुलाला एकेकट्याला वाचायला लावतात. २०२४ च्या असरमध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के होती. २०२२ मध्ये १६.३ होती. सुधारणा आहे, पण चारातल्या तिघांना अजून तो मजकूर वाचता येत नाही.

पालकाला यातलं काही जमत नसेल तर असरची युक्ती घरी करा. मुलाच्या मागच्या इयत्तेचं पुस्तक घ्या, पाठ न झालेला उतारा काढा आणि मोठ्यानं वाचायला सांगा. बोट ठेवून अक्षर-अक्षर लावत असेल तर ते लगेच कळतं. मग हातच्याची एक वजाबाकी द्या. दहा मिनिटांत जे कळेल ते प्रगतिपुस्तकावरच्या ‘अ-२’ श्रेणीतून कळणार नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकालही बघायला हरकत नाही, पण तिला बसतात ती निवडक मुलं. ती पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१७ पासून पाचवी-आठवीला गेली आणि आता सरकारनं ती परत चौथी-सातवीकडे वळवली आहे. चौथीपर्यंतच्याच शाळांना हे सोयीचं आहे, कारण मधल्या काळात त्यांची तयारी करून दिलेली मुलं दुसऱ्याच शाळेच्या नावावर चमकत होती.

आमच्या शाळेत शिक्षक किती असायला हवेत?

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, असं कोष्टक दिलं आहे. स्वतंत्र मुख्याध्यापक मिळायला पट १५० च्या वर लागतो. आपल्या जिल्ह्यात एवढा पट असलेली प्राथमिक शाळा शोधावी लागते, म्हणून बहुतेक ठिकाणी ज्येष्ठ शिक्षकच वर्ग सांभाळून मुख्याध्यापकाचं काम बघतो. सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांचे वेगळे शिक्षक असावेत, ३५ मुलांमागे किमान एक, असं कायदा म्हणतो.

हे कोष्टक प्रत्यक्षात उतरतं ते संच मान्यतेतून. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर पुढच्या वर्षाची पदं मंजूर होतात, आणि पट म्हणजे हजेरीपटावरची नावं नव्हेत, तर आधार वैध ठरलेली मुलं. नावात ‘सावंत’चं ‘सावत’ झालं, जन्मतारखेत एक आकडा चुकला, की मूल वर्गात बसलेलं असूनही हिशेबात नाही. लहान शाळेत अशी दोन मुलं गळली तर एक पद जाऊ शकतं. मुख्याध्यापक आधार दुरुस्तीसाठी तुमच्या मागे का लागतात, ते आता कळलं असेल. त्यांना उद्या या, परवा या करू नका.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं हे गणित आणखी कडक झालं. सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला तर त्या वर्गांना पदच मंजूर होत नाही. शिक्षक संघटनांनी राज्यभर मोर्चे काढले ते यासाठीच. संघटना स्वतःच्या पोटासाठी ओरडतात असं म्हणणाऱ्यांनी कोकणातल्या सातवीपर्यंतच्या शाळांचे पट एकदा बघावेत.

एकच मास्तर आसा, मगे चार वर्गांका शिकवतलो कोण?

तोच. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि ते नीट करणारे शिक्षक खरोखर कसबी असतात. पहिली-दुसरी एका कोपऱ्यात जमिनीवरच्या तक्त्यावर शब्द जुळवतायत, तिसरी फळ्यावरची गणितं उतरवतेय, आणि गुरुजी चौथीला नकाशा दाखवता दाखवता डाव्या हातानं पहिलीतल्या पोराची पाटी तपासतायत. चांगल्या शाळेत चौथीची मुलगी पहिलीच्या मुलाला वाचायला बसवते, आणि त्यात दोघांचाही फायदा होतो.

पण हे जमतं ते शिक्षक शाळेत असेपर्यंत. तालुक्याला बैठक लागली, प्रशिक्षण निघालं, मतदारयादीचं काम आलं किंवा त्यांना ताप आला, की शाळा बंद किंवा शेजारच्या शाळेतून कोणाला तरी ‘कामगिरी’वर पाठवायचं. मग त्या शाळेत एक कमी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण निवडणुकीचं काम वर्षभर पुरतं, आणि ऑनलाइन माहिती भरणं हे शैक्षणिकच काम असल्याचं समजलं जातं.

आपल्याकडचे शिक्षक टिकत का नाहीत?

कारण बरेच जण बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले असतात. भरतीची गुणवत्ता यादी राज्याची; २०१७ मध्ये आखलेल्या पवित्र पोर्टलवरून उमेदवार जिल्हा निवडतो, जागा इथे मिळाली म्हणून इथे येतो. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन १६,००० रुपये (२०२३ पर्यंत ते ६,००० होतं). पाच-सात वर्षं झाली की गावाकडे आई-वडील थकतात, बायको दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असते, आणि आंतरजिल्हा बदलीचा अर्ज जातो. त्यात त्या माणसाचा दोष नाही. आपल्याकडून जाणारे पुष्कळ आणि येणारे थोडे, हे दुखणं आहे. २०२३ मध्ये एकदम एवढे शिक्षक कार्यमुक्त झाले की कित्येक शाळा शून्यशिक्षकी झाल्या आणि गावातल्या डी.एड. झालेल्या मुलांना तात्पुरतं उभं करावं लागलं. स्थानिकांना प्राधान्य द्या, ही त्या मुलांची मागणी जुनी आहे. माझ्या मते ती रास्तही आहे, फक्त राज्यस्तरीय गुणवत्ता यादीच्या चौकटीत ती बसवायची कशी हे कोणी सांगत नाही.

जिल्ह्याअंतर्गत बदल्या वेगळ्या. त्या ग्रामविकास विभागाच्या धोरणानुसार ऑनलाइन होतात: अवघड क्षेत्रात राहिलेल्यांना हक्क, पती-पत्नी एकत्रीकरण, आजारी आणि दिव्यांगांना सूट. संगणकावर आल्यापासून वशिल्याच्या तक्रारी कमी झाल्या, कोर्टकचेऱ्या वाढल्या.

आता त्यात आणखी एक भर. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. पंचेचाळिशीतले गुरुजी मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्राची गाइडं वाचताना दिसले तर आश्चर्य नको.

पट कमी झाला म्हणून शाळा बंद होईल का?

भीती खरी आहे आणि तिचं मूळ जनगणनेत आहे. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. राज्य वाढत असताना आपण आटलो. तरुण मुंबई-पुणे-गोव्याला, मुलं तिकडेच. उरलेल्यांतली काही पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत. दुसरीकडे आपली वस्ती वाडी-वाडीनं विखुरलेली, मध्ये व्हाळ, सडा, रान. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. हा निकष पाळायचा तर शाळा लहानच असणार.

२०२३ मध्ये सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. राज्यात तेव्हा अशा १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या. मोठी शाळा, विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा आणि मुलांना न्यायला गाडी, असं ते चित्र. कागदावर वाईट नाही. पण जुलैत साकव (ओढ्यावरचा लहान पूल) पाण्याखाली गेला की गाडी कुठून येणार, आणि डिझेलचे पैसे तिसऱ्या वर्षीही मिळतील का, याची हमी मागा. ती लेखी मिळत नसेल तर ग्रामसभेचा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा विरोधाचा ठराव करून ठेवा. रोजच्या वाहतुकीची सोय दिल्याशिवाय पहिलीतल्या पोराची शाळा हलवणं म्हणजे त्याला शाळेतून काढणंच.

शाळेच्या हातात पैसा किती असतो?

फारच थोडा. समग्र शिक्षेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातच खडू, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता. सादिल, म्हणजे किरकोळ खर्चाचं अनुदान, आलं तर आलं. वीजबिल मात्र दर महिन्याला येतं. त्यामुळे अनुदान वर्षाच्या शेवटी पोहोचलं की आधी मास्तरांची उसनवारी फिटते. मोठी दुरुस्ती किंवा नवी खोली हवी असेल तर जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव जावा लागतो. बाकी संगणक, रंगरंगोटी, बाकं हे मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानं दिलेलं असतं, आणि देणाऱ्यांची नावं भिंतीवर असतात. चाकरमान्यांनी गणपतीत आल्यावर शाळेत एक चक्कर मारावी आणि देणगी देण्याआधी काय हवंय ते विचारावं. तिसरा प्रिंटर नको असतो.

पोषण आहारात मुलाला काय आणि किती मिळायला हवं?

पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. सोबत कडधान्य किंवा डाळ, भाजी, तेल. उष्मांक अनुक्रमे ४५० आणि ७००. जेवण वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन चव नोंदवहीत लिहायचं असतं. ती वही पालकाला बघता येते, आणि पालकालाही चव घेता येते. जा एखाद दिवशी, न सांगता. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळतं, त्यामुळे मीठ जास्त झालं म्हणून त्यांच्यावर आवाज चढवण्याआधी हा आकडा आठवा.

गणवेश कोण देतं?

दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये येतात आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समिती करते. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून हे काम वर नेलं गेलं. मापं चुकली, पावसाळा सरला तरी कपडे पोचले नाहीत, आणि त्याच शैक्षणिक वर्षात ते अधिकार समित्यांकडे परत देण्याचा निर्णय करावा लागला.

शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन काही होतं का?

होतं, बसलात तर. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. बैठक महिन्याला. शाळेच्या पैशांचा हिशेब या बैठकीत मंजूर होतो आणि शाळा विकास आराखडाही हीच समिती करते.

प्रत्यक्षात काय होतं? प्रोसिडिंगची वही घरोघरी फिरते. “बाई, सही करा गो, बैठक झाली परवा.” विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, सर्वानुमते मंजूर. सही करणाऱ्या आईला वहीत काय लिहिलंय हे कोणी वाचून दाखवत नाही. एवढं एकच बदला: न वाचता सही नाही. मग वहीत दोन प्रश्न लिहून घ्या. या महिन्यात शिक्षक किती दिवस शाळेबाहेर होते? कोणत्या मुलांना अजून वाचता येत नाही आणि त्यांच्यासाठी काय चाललंय? सलग तीन बैठका हे लिहिलं गेलं की केंद्रप्रमुखांनाही भेटीत ते वाचावं लागतं. शिक्षकांचा पदर धरून भांडण्यापेक्षा वहीतल्या नोंदीचा धाक जास्त असतो, आणि चांगल्या शिक्षकाला तर ती नोंद हवीच असते. वर मागणी करताना तीच त्याच्या कामी येते.

तक्रार कुठे करायची?

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. तोंडी नको, दोन प्रतींत लिहून, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार केली तर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तिथेही काही झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील होतं. संच मान्यतेची प्रत, अनुदानाचा हिशेब, रिक्त पदं ही माहिती १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर मिळते.

मुंबईहून गावी परत आलोय, मुलाचा दाखला अजून मिळालेला नाही. प्रवेश मिळेल?

मिळेल. दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्षाच्या मध्येही घ्यावाच लागतो. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. जुन्या शाळेनं दाखला लगेच द्यायचा असतो. फी थकली म्हणून अडवून ठेवत असतील तर नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून मागणीपत्र घेऊन पाठवा. आणि जमलं तर हे सगळं ३० सप्टेंबरच्या आत करा, म्हणजे तुमचं मूल त्या वर्षीच्या पटात धरलं जाईल.